आलोइस झेनेफेल्डर

आलोइस झेनेफेल्डर (जन्म : प्राग, ६ नोव्हेंबर १७७१, मृत्यू : म्युनिक, २६ फेब्रुवारी १८३४) हे शिळामुद्रण (लिथोग्राफी) या मुद्रणपद्धतीचे जर्मन जनक होत. मराठीतील जुनी 'शिळाछाप' पुस्तके याच पद्धतीने छापलेली आहेत.

जीवन

झेनेफेल्डर यांचे वडील नट होते. त्यांच्या निधनानंतर आलोइस यांना इंगोलश्टाट येथील कायद्याचे शिक्षण सोडावे लागले. पुढे ते नाटके लिहू लागले. पण छपाईचा खर्च परवडेना, म्हणून त्यांनी स्वतःच छापण्याचे ठरविले. तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे लिहून ती आम्लाने कोरण्याचा सराव त्यांनी आरंभिला. पत्रा महाग आणि पुन्हा घासून गुळगुळीत करणे कष्टाचे, म्हणून सरावासाठी त्यांनी बव्हेरियातील चुनखडीचा दगड घेतला.

१७९६ मध्ये आईने धुण्याच्या कपड्यांची यादी लिहावयास सांगितली असता, कागद हाताशी नसल्याने त्यांनी ती मेण, साबण व काजळी यांच्या शाईने दगडावर लिहिली. हीच शिळामुद्रणाची जन्मकथा म्हणून सांगितली जाते, ते तितकेसे बरोबर नाही. आम्लाने भोवतालचा दगड झिजून अक्षरे उठावदार झाली, एवढेच तेव्हा साधले; उठावाची छपाई पूर्वीपासून होतीच. खरा शोध १७९८ च्या सुमाराचा.

तंत्र

नव्या पद्धतीत कोरीव काम उरले नाही. स्निग्ध खडूने वा शाईने दगडावर लिहावयाचे, सौम्य आम्ल मिसळलेला डिंक लावावयाचा आणि दगड पाण्याने ओला करावयाचा. कोरा भाग पाणी धरतो व तेलकट शाई झिडकारतो. लिहिलेला भाग तीच शाई ओढून घेतो. आजच्या ऑफसेट छपाईचे तत्त्व हेच आहे. तेथे दगडाऐवजी ॲल्युमिनियमची प्लेट असते आणि तिच्यावरील मजकूर संगणकावरून उमटविता येतो. उलटे लिहिण्याची अडचणही झेनेफेल्डर यांनी दूर केली : खास कागदावर सुलटे लिहून ते दगडावर उतरविता येऊ लागले.

संगीतकार फ्रान्झ ग्लाइस्नर यांच्या साहाय्याने त्यांनी स्वरलिपी छापल्या. १८०९ मध्ये बव्हेरियाच्या भूमापन खात्यात नेमणूक झाल्यावर त्यांना स्थैर्य लाभले. १८१८ मध्ये त्यांनी आपले तंत्र ग्रंथरूपाने खुले केले.

भारतातील प्रसार

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले, तेव्हा झेनेफेल्डर हयात होते. राजा रविवर्मा यांच्या १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यातील देवदेवतांची चित्रेही दगडावरूनच छापली जात. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे.