नव्याण्णव दिवसांचा मुका सम्राट

९ मार्च १८८८. इटलीतील सान रेमोच्या एका बंगल्यात बर्लिनहून तार आली. वृद्ध कैसर पहिला विल्हेल्म वारला होता. सत्तावीस वर्षे युवराज राहिलेला फ्रीडरिख जर्मनीचा सम्राट झाला. त्याने आपला ‘ब्लॅक ईगल’चा सन्मान उतरवून पत्नीला घातला. बोलला मात्र नाही. वाचाच गेली होती. महिन्यापूर्वीच, ९ फेब्रुवारीला, गळ्याला छेद देऊन त्याच्या श्वासनलिकेत चांदीची नळी बसवली होती.

१८६६ आणि १८७० च्या युद्धांत नाव कमावलेला हा उंचापुरा, दाढीवाला सेनानी मनाने उदारमतवादी होता. पत्नी व्हिकी ही इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची थोरली लेक. जर्मनीत इंग्लंडसारखी संसद असावी, हे दोघांचे स्वप्न. बिस्मार्कला ते मुळीच मानवत नव्हते.

जानेवारी १८८७ मध्ये त्याचा घसा बसला. स्वरतंतूवर गाठ दिसली. तापल्या तारेने जाळली, तरी ती पुन्हा वाढली. बर्गमान या सर्जनला कंठ उघडून ती काढायची होती. पण लंडनहून आलेल्या मॅकेन्झीने गाठीचा तुकडा तपासायला दिला आणि विख्यात फिर्खोला त्यात कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया टळली. जूनमध्ये सासूबाईंच्या सुवर्णमहोत्सवी मिरवणुकीत तो शुभ्र गणवेशात घोड्यावर मिरवला. (त्याच महोत्सवानिमित्त मुंबईच्या नव्या स्टेशनाला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले.) नोव्हेंबरमध्ये कर्करोग स्पष्ट झाला. संपूर्ण कंठ काढून टाकायला त्याने नकार दिला.

नळी बसली की श्वास कंठाच्या खालूनच बाहेर पडतो. स्वरतंतूंपर्यंत हवा पोहोचत नाही, म्हणून आवाज नाही. अशा नळीच्या पोटात दुसरी नळी असते; कफ साचला की ती काढून धुवायची. बाहेरची नळी बदलणे मात्र जोखमीचे. १२ एप्रिलला श्वास घरघरू लागला, तेव्हा बर्गमानने ती बदलली. खोकल्याची उबळ आली, रक्त वाहिले. नळी भलत्याच वाटेने घुसवली, असा मॅकेन्झीचा आरोप. बर्गमानला तो अमान्य. रुग्ण गुदमरत असता वैद्यांची जुंपलेली!

सम्राट कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून कारभार पाहत होता. जूनमध्ये पुटकामर या प्रतिगामी मंत्र्याला त्याने घालवले, एवढीच काय ती ठळक कामगिरी. तो जगता तर १९१४ चे महायुद्ध टळले असते, असे म्हणणारे आहेत. मला ते फार सोपे वाटते. बिस्मार्कपुढे तो निरोगी असतानाही फारसा टिकला नव्हता.

१५ जूनला पॉट्सडॅम येथे तो गेला. एकोणतीस वर्षांचा मुलगा दुसरा विल्हेल्म गादीवर आला. त्याच वर्षी जर्मन डॉक्टरांनी आपला अहवाल छापला, मॅकेन्झीने उत्तरादाखल पुस्तक काढले आणि नळीचे भांडण छापखान्यात सुरू झाले.