समाजस्वास्थ्यकार

वसतिगृहात रात्री दिवे मालवले की एक विषय हमखास निघतो आणि आवाज आपोआप खाली येतात. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, हे गणित तिथे सर्वांना पाठ! मीही ते खरे मानून दोन वर्षे मनातल्या मनात झुरलो. ते खोटे असल्याचे मला उमगले ते रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यामुळे. हे गृहस्थ गणिताचेच प्राध्यापक होते, हा योगायोग गमतीचा.

महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव १८८२ साली जन्मले. नऊ वर्षांचे असताना आई गेली. १८९९ च्या मॅट्रिकला ते पहिले आले, पुढे पॅरिसला जाऊन गणित शिकले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. ते शिकवीत असलेले विल्सन कॉलेज पडले मिशनऱ्यांचे; त्यांना हा प्रचार मानवला नाही. कर्व्यांनी नोकरीवर पाणी सोडले, प्रचार सोडला नाही.

जुलै १९२७ मध्ये त्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघाले. घरात वडिलांना वा वैद्याला विचारण्याची सोय नसलेले प्रश्न वाचक तिथे विचारीत. पुरुषांच्या या भीतीचे मूळ शरीरात कमी, संस्कारात अधिक. आयुर्वेदाच्या सात धातूंत शुक्र शेवटचा, सर्वांचे सार मानलेला. त्यात ब्रह्मचर्याच्या महिम्याची भर पडली. मग झोपेत वीर्यपात झाला तरी मुलाला पापही वाटते आणि आपण खंगणार असेही वाटते. ख्रिस्ती युरोप तरी कुठे वेगळा होता? अठराव्या शतकात तिसो या स्विस डॉक्टरने हस्तमैथुनाच्या दुष्परिणामांवर पुस्तक लिहून तिकडच्या तरुणांची अशीच झोप उडवली होती. कर्वे मात्र शांतपणे सांगत, की यात रोग नाही आणि पापही नाही.

याची किंमत त्यांनी कोर्टात मोजली. १९३१ साली एका लेखावरून शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली खटला भरला तो वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून. वकीलपत्र घेतले डॉ. आंबेडकरांनी. तरीही दोनशे रुपये दंड झालाच. पदराला खार लावून, पत्नी मालतीबाईंच्या साथीने, कर्व्यांनी मासिक १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले.

परवा माझा एक मित्र भिंतीवरची जाहिरात वाचून ‘शक्ती’च्या औषधाला निघाला. मी त्याला कर्व्यांची सारी हकीकत ऐकवली. त्याने ती मन लावून ऐकली, आणि मेसचे पैसे घेऊन तो गेलाच.