विश्लेषण : कॉलेज लायब्ररीच्या ‘सर्च’मागे गणिताचा प्राध्यापक? कोण होते एस. आर. रंगनाथन?

प्रकल्प सादर करायची तारीख जवळ आली की मोबाइलवर कॉलेज ग्रंथालयाची ऑनलाइन सूची उघडली जाते. एक शब्द टाइप केला की शेकडो नोंदी समोर येतात. मग विषय, भाषा, प्रकाशन वर्ष, ठिकाण असे फिल्टर एकेक करून लावायचे आणि नेमके पुस्तक गाठायचे. ही सोय संगणकामुळे आली हे खरे. पण माहितीचे असे पैलू पाडून ती शोधता येते, हा विचार संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. तो पद्धतशीरपणे मांडणारे शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक होते आणि ग्रंथपालाची नोकरी त्यांना सुरुवातीला नकोशी झाली होती.

गणिताचा प्राध्यापक ग्रंथपाल कसा झाला?

रंगनाथन यांचा जन्म १८९२ मध्ये तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे झाला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून गणितात एम.ए. केल्यावर ते मंगळूर, कोइम्बतूर आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. शिकवण्याची त्यांना मनापासून आवड होती, मात्र पगार तुटपुंजा होता. त्याच वेळी मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे पद निर्माण केले आणि मित्रांच्या आग्रहाखातर त्यांनी अर्ज केला. ग्रंथालयाविषयीचे त्यांचे ज्ञान मुलाखतीपूर्वी विश्वकोशात वाचलेल्या एका लेखापुरते होते, असे सांगितले जाते. तरीही निवड झाली आणि जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले.

काही दिवसांतच ते कंटाळले. वर्गातल्या गजबजीची सवय असलेल्या माणसाला पुस्तकांच्या कपाटांमधला एकांत सोसवेना. त्यांनी पुन्हा अध्यापनाकडे जाण्याची परवानगी मागितली. त्यावर तोडगा निघाला तो असा : आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकायचे आणि परतल्यावरही मन रमले नाही तर गणिताकडे परत जायचे.

लंडनमध्ये काय घडले?

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये त्यांना डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स यांच्यासारखे वर्गीकरणाचे जाणकार शिक्षक लाभले. पण पुस्तकी अभ्यासापेक्षा त्यांना जास्त शिकवले ते ब्रिटनमधल्या ग्रंथालयांनी. अशी शंभरावर ग्रंथालये त्यांनी पाहिली. कामगार, गृहिणी, लहान मुले तिथे सहज येत होती आणि कपाटातून स्वतः पुस्तक काढून घेत होती. ग्रंथालय हे समाज घडवण्याचे साधन आहे, हे त्यांना तिथे उमगले. गणिताकडे परतण्याचा विचार तिथेच मागे पडला.

एक अडचण मात्र त्यांच्या नजरेतून सुटली नाही. बहुतेक ग्रंथालयांत अमेरिकी ग्रंथपाल मेल्व्हिल ड्युई यांची १८७६ची दशांश पद्धत वापरात होती. तीत विषयांचे खण आधीच ठरलेले असत. नवा किंवा दोन-तीन विषयांना स्पर्श करणारा ग्रंथ आला की त्याला कुठल्या खणात बसवायचे, हा पेच पडे.

खेळण्याच्या दुकानाचा संबंध काय?

याचे उत्तर त्यांना लंडनच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात सापडले. तिथे मेकॅनोचा संच मांडला होता. त्याच पट्ट्या, चाके आणि स्क्रू वेगवेगळ्या प्रकारे जोडून वेगवेगळी खेळणी तयार होत होती. विषयांचेही असेच करता येईल, हे रंगनाथन यांच्या लक्षात आले. तयार खणांची लांबलचक यादी करण्याऐवजी विषयाचे सुटे भाग ठरवायचे आणि गरजेनुसार जोडायचे. परतीच्या प्रवासात बोटीवरच्या ग्रंथालयातील पुस्तकांवर त्यांनी ही कल्पना वापरून पाहिली, असे सांगतात.

यातूनच १९३३ मध्ये ‘कोलन वर्गीकरण’ प्रसिद्ध झाले. हे सुटे भाग जोडण्यासाठी त्यांनी कोलन, म्हणजे दोन टिंबांचे अपूर्णविराम चिन्ह वापरले होते, म्हणून हे नाव. पुढे त्यांनी कोणत्याही विषयाचे पाच मूलभूत पैलू मांडले : मुख्य वस्तू, पदार्थ, क्रिया, स्थळ आणि काळ. उदाहरणार्थ, सतराव्या शतकातील महाराष्ट्रातील किल्ल्यांचे दगडी बांधकाम हा विषय घ्या. किल्ला ही मुख्य वस्तू, दगड हा पदार्थ, बांधकाम ही क्रिया, महाराष्ट्र हे स्थळ आणि सतरावे शतक हा काळ. यातला एक पैलू बदलला की नवा विषय तयार होतो, पण पद्धत मोडत नाही.

पाच सूत्रे कशासाठी?

वर्गीकरण हे रंगनाथन यांच्यासाठी साधन होते. ते कशासाठी, याचे उत्तर त्यांनी १९३१ च्या पाच सूत्रांवरील ग्रंथात दिले. पहिले सूत्र पुस्तक जपून ठेवण्यापेक्षा वापरण्याला महत्त्व देते. दुसरे सांगते की वाचक कोणीही असो, त्याच्या गरजेचे पुस्तक त्याला मिळायला हवे. तिसरे उलट बाजूने पाहते : कपाटातल्या पुस्तकालाही त्याचा वाचक मिळवून द्यायला हवा. चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे आणि पाचवे ग्रंथालयाकडे सतत वाढणाऱ्या जिवंत गोष्टीसारखे पाहायला लावते. ज्या काळात अनेक ठिकाणी पुस्तके कुलपात असत, त्या काळात हा विचार धाडसाचा होता.

मद्रासनंतर पुढे काय?

मद्रास विद्यापीठात त्यांनी वाचकांना कपाटांपर्यंत जाऊ दिले, वेळ वाढवली आणि माहिती शोधून देणारी संदर्भ सेवा उभी केली. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापण्यात ते पुढे होते. दोन दशके त्यांनी जवळपास सुट्टी न घेता काम केले. नव्या कुलगुरूंशी मतभेद झाल्यावर त्यांनी मद्रास सोडले आणि १९४५ मध्ये ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले. तिथल्या सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी जवळजवळ एकट्याने केले. पुढे दिल्ली विद्यापीठात त्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या उच्च शिक्षणाचा पाया घातला. १९५७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आयुष्यभराच्या बचतीतील एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले. १९६२ मध्ये बंगळूर येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, त्यामागेही तेच होते. २७ सप्टेंबर १९७२ रोजी त्यांचे बंगळूरमध्ये निधन झाले. १२ ऑगस्ट हा दिवस भारतात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्याच स्मरणार्थ.

सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा हवा, यासाठीही त्यांनी १९३० पासून मसुदे मांडले. मद्रास प्रांताचा कायदा १९४८ मध्ये झाला. कोल्हापूर संस्थानाने त्याआधीच, १९४५ मध्ये असा कायदा केला होता. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ चा आहे.

त्यांची पद्धत मागे का पडली?

कोलन वर्गीकरणाचे क्रमांक लांब आणि किचकट होते. त्यात आवृत्तीगणिक बदल होत गेले. त्यामुळे भारतातही बहुसंख्य कॉलेजे ड्युईच्याच पद्धतीवर राहिली. पण पैलूंचा विचार टिकला. ब्रिटनमधील अभ्यासकांनी तो उचलला आणि पुढे संगणकाच्या युगात त्याचे महत्त्व वाढले. छापील पुस्तक कपाटात एकाच जागी राहू शकते. संगणकातील नोंद मात्र एकाच वेळी विषयाखाली, भाषेखाली, स्थळाखाली आणि वर्षाखाली सापडू शकते. आजचे फिल्टर रंगनाथन यांनी तयार केलेले नाहीत, पण त्यामागचे तत्त्व त्यांनी कागदावर सिद्ध केले होते.

विद्यार्थ्यांनी याचा उपयोग कसा करावा?

पुस्तकांच्या किमती परवडत नाहीत अशा विद्यार्थ्यासाठी कॉलेजचे ग्रंथालय हाच खरा आधार असतो. तरी अनेकांची शोधाशोध पहिल्या पानावर थांबते. रंगनाथन यांच्या पद्धतीने विषयाचे पैलू आधी कागदावर लिहावेत. एक व्यापक शब्द टाकून सुरुवात करावी आणि मग एकेक फिल्टर लावावा. एक योग्य पुस्तक सापडले की त्याच्या नोंदीतील विषयशीर्षकावर टिचकी मारावी, म्हणजे त्याच्या जवळची पुस्तके समोर येतात. मराठी ग्रंथांच्या नोंदी काही सूचींमध्ये रोमन लिपीत असतात, म्हणून दोन्ही लिपींत शोधावे.

ग्रंथालयाची सूची प्रामुख्याने कपाटात काय आहे ते दाखवते. ई-पुस्तके आणि संशोधनपत्रिका अनेकदा वेगळ्या ठिकाणी असतात. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट योजनेत आपले कॉलेज असेल तर त्याचे लॉगिन ग्रंथालयातून मिळते आणि मग घरूनही वाचता येते. ‘शोधगंगा’वर भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंध विनामूल्य पाहता येतात. आयआयटी खरगपूरने विकसित केलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातही अनेक साधने खुली आहेत.

एवढे करूनही हाती काही लागले नाही तर ग्रंथपालांना विचारावे. वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून देणे हे ग्रंथपालाचे मुख्य काम आहे, असे रंगनाथन मानत. फिल्टर कितीही चांगले झाले, तरी विद्यार्थ्याला नेमके काय हवे आहे हे समजून घेणारा माणूस अजूनही ग्रंथालयाच्या काउंटरवरच भेटतो.