दीड मितीची रेषा आणि डी. डी. कोसंबी

थर्ड इयरच्या सिग्नल प्रोसेसिंगच्या लेक्चरला फळ्यावर कारुनेन–लोएव्ह ट्रान्सफॉर्म अवतरला, तेव्हा आम्हा शेवटच्या बाकांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की हा पेपरात किती मार्कांना येतो. दहा मार्कांना येतो म्हटल्यावर सगळ्यांनी पाठ केला आणि लगेच विसरलो. पण सेमिनारसाठी लायब्ररीत पुस्तकं चाळताना एका ठिकाणी या जोडनावाच्या आधी तिसरं नाव दिसलं, कोसंबी. अरे, हे तर आपल्याकडचं नाव! रविवारी गिरगावात आजोबांकडे गेले तेव्हा विचारलं. त्यांच्या मते कोसंबी म्हणजे इतिहासवाले, गणिताशी त्यांचा काय संबंध? (मी कॉन्व्हेंटची. माझं मराठी म्हणजे आजोबांच्या चाळीत सुट्टीत शिकलेलं, तेव्हा चुका पोटात घालाव्यात.) मग सबमिशन बाजूला ठेवून मी कोसंबींच्या मागे लागले.

निघालं असं, की आजोबाही बरोबर आणि पुस्तकही बरोबर. माणूस एकच!

दामोदर धर्मानंद कोसंबी ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्मले. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित. परळला गिरण्यांच्या वस्तीत बहुजन विहार उभारला तो यांनीच. वडिलांना हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाचं काम होतं, म्हणून अकरा वर्षांचा दामोदर १९१८ साली त्यांच्याबरोबर अमेरिकेला गेला. मधली एक-दोन वर्षं सोडली तर शाळा तिकडेच, आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी. तिथे त्यांची नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाशी ओळख झाली.

वीनरचं नाव आलंच आहे तर थोडं गणित सहन करा. पाण्यातला एखादा सूक्ष्म कण सारखा थरथरत इकडेतिकडे जात असतो. त्याची एका दिशेतली जागा वेळेप्रमाणे कागदावर मांडत गेलं की जो आलेख मिळतो, त्याचं पक्कं गणित वीनरने १९२३ साली केलं. हा आलेख कमालीचा वेडावाकडा. कितीही मोठा करून बघा, सरळ तुकडा सापडतच नाही. दोरा लावून लांबी मोजायला जावं तर ती अनंत, आणि क्षेत्रफळ मात्र शून्य! मग मोजायचं तरी काय?

जर्मनीतल्या फेलिक्स हाउसडॉर्फने १९१९ सालीच यावर वाट काढून ठेवली होती. समजा एखादी आकृती छोट्या चौकटींनी झाकायची आहे. चौकटीची बाजू निम्मी केली की साध्या रेषेला दुप्पट चौकटी लागतात, भरीव चौकोनाला चौपट. म्हणून रेषेची मिती एक, चौकोनाची दोन. वीनरच्या आलेखाला लागतात सुमारे २.८३ पट, म्हणजे मिती चक्क दीड. (हाउसडॉर्फची खरी व्याख्या याहून बारीक आहे, पण मेसच्या टेबलावर समजावायला एवढी पुरते.) ही दीड मिती टेलर या गणितज्ञाने १९५५ साली सिद्ध केली.

मितीचं हे काम कोसंबींचं नव्हे, हे आधीच सांगते. त्यांचा प्रश्न वेगळा होता. अशी एकच रेषा नाही, रेषांचा अख्खा ढीग समोर असेल तर त्याला स्टॅटिस्टिक्स कसं लावायचं? पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवत असताना, १९४३ साली, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांनी उत्तर छापलं. प्रत्येक रेषा म्हणजे अनंत मितींच्या अवकाशातला एक बिंदू मानायचा. मग त्या ढिगातूनच काही मूळ आकार शोधायचे. प्रत्येक रेषा ही त्याच आकारांची बेरीज, फक्त कोणता आकार किती घ्यायचा हे रेषेगणिक बदलतं, आणि या आकड्यांचा आपसात सहसंबंध शून्य. बहुतेक सगळा माल पहिल्या थोड्या आकारांतच येतो, बाकीचे टाकले तरी फारसं बिघडत नाही. इमेज कॉम्प्रेशनमध्ये आपण दुसरं काय करतो? कारुनेनने फिनलंडमध्ये आणि लोएव्हने फ्रान्समध्ये हेच स्वतंत्रपणे मांडलं, पण नंतर. नाव मात्र त्यांचं लागलं. महायुद्धाच्या धामधुमीत भारतातलं जर्नल तिकडे कोण वाचत बसणार, असं मला वाटतं.

ढिगाचं हेच डोकं त्यांनी प्राचीन आहत नाण्यांना लावलं. हजारो नाणी स्वतः तोलली! नाणं हातोहाती फिरलं की झिजतं. त्यामुळे जुन्या नाण्यांचं सरासरी वजन कमी होतं आणि वजनांतला फरक वाढतो. एकट्या नाण्यावरून काही कळत नाही, पण गठ्ठ्यावरून आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं ते सांगता येतं. नाण्यांतून ते इतिहासात शिरले. आपण प्रोजेक्टचे पार्ट्स आणायला ज्या लॅमिंग्टन रोडला जातो, तिथल्याच पॉप्युलर बुक डेपोने १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासावरचा गाजलेला ग्रंथ काढला. मधल्या मध्ये १९४४ साली जीन्समधलं अंतर काढायचं सूत्रही दिलं, ते आजही वापरात आहे.

माणूस खट्याळही होता. १९३१ साली आंद्रे वेल या फ्रेंच मित्राच्या नादाने त्यांनी बुर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयावर गंभीर चेहऱ्याने पेपर छापला. पुढे फ्रान्समधल्या नामांकित गणितज्ञांच्या गटाने हेच नाव घेतलं.

१९४५ साली होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणलं. संस्था तेव्हा पेडर रोडला, मग १९४९ पासून गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात. कोसंबी राहायचे पुण्यात आणि डेक्कन क्वीनने ये-जा करायचे. सुरुवातीचा स्नेह पुढे आटला. भाभा अणुऊर्जेचे कर्ते, तर हे शांतता चळवळीत, आणि भारताला सौरऊर्जा परवडेल असं जाहीर सांगणारे. त्यात १९५९ साली त्यांनी रीमानच्या प्रसिद्ध कूटप्रश्नावर संभाव्यतेच्या मार्गाने हल्ला केला, तोही शेतकी संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये! गणितज्ञांनी तो मानला नाही. मला जेवढं कळतं त्यावरून घोळ इथेच होता. ढिगातल्या जवळजवळ सगळ्या रेषांबद्दल जे खरं, ते हातातल्या एका ठराविक रेषेबद्दल खरं असेलच असं नाही. आणि मूळ संख्यांची यादी ही तर एकच. एका नाण्यावरून काही कळत नाही हे ज्यांना पुरतं माहीत होतं, त्यांनाच हे नडावं याचं वाईट वाटतं.

१९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे चालवला नाही. चूक झाली म्हणून सतरा वर्षांच्या माणसाला जाऊ द्यायचं का, यावर आमच्या रूमवर रात्री दीडपर्यंत वाद झाला. माझी रूममेट संस्थेच्या बाजूने होती, मी अजून नाही. त्यानंतरचे काही गणिती पेपर त्यांनी एस. ड्यूक्रे या टोपणनावाने छापले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच ते गेले. वय फक्त ५८. २००८ साली टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

व्हायवाला मी ट्रान्सफॉर्मचं नाव तिन्ही नावांसकट सांगणार आहे. एक्स्टर्नलने भुवया उंचावल्या तर लायब्ररीतलं पुस्तक बॅगेत असेल.