राजा दीनदयाळ : एका इंजिनिअरचा पोर्टफोलिओ

आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये दोन-तीन हजार फोटो तरी सहज असतील. त्यातले कागदावर किती? आमच्या ग्रुपने पोर्टफोलिओसाठी चांगले प्रिंट्स काढायचं ठरवलं, तेव्हा मी त्या विषयावर वाचायला लागले आणि वाचता वाचता राजा दीनदयाळ सापडले. विशेष म्हणजे हा माणूस आपल्याच जातकुळीतला, म्हणजे चक्क सिव्हिल इंजिनिअर!

दीनदयाळांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्याचा. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांचं शिक्षण झालं आणि मग इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी लागली. काम काय, तर एस्टिमेट आणि ड्रॉइंग. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी प्रोत्साहन दिलं. पुढे सर लेपेल ग्रिफिन या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर ते मध्य भारतात फिरले आणि ग्वाल्हेर, सांची, खजुराहो इथल्या वास्तूंचे फोटो घेतले. त्या फोटोंतल्या सरळ उभ्या रेषा पाहिल्या की यांनी ड्रॉइंग बोर्डवर किती वर्षं घालवली असतील ते लगेच कळतं.

पण खरी मेहनत पुढे होती. तेव्हा एन्लार्जमेंट सर्रास होत नसे. जेवढा प्रिंट हवा तेवढीच मोठी काचेची निगेटिव्ह लागायची. पातळ कागदाला अंड्यातला पांढरा बलक आणि मीठ लावायचं, मग तो सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवून अंधारात वाळवायचा. त्यावर काच दाबून फ्रेम उन्हात ठेवायची. चित्र उन्हातच हळूहळू उमटायचं. फ्रेमची मागची बाजू अर्धी उघडून मधूनमधून बघायचं, जरा जास्त गडद होऊ द्यायचं, कारण पुढच्या धुण्यात ते फिकं पडतं. नंतर सोन्याच्या क्षाराचं टोनिंग. त्याने तांबूस रंग जाऊन जांभळट तपकिरी छटा येते आणि प्रिंट टिकतोही जास्त. शेवटी हायपो आणि भरपूर पाणी. धुण्यात कंटाळा केला की काही वर्षांत कागद पिवळा पडलाच म्हणून समजा! आपण लॅबमध्ये टायट्रेशन करताना शेवटच्या थेंबाला जेवढं जपतो, तेवढं इथे प्रत्येक पायरीला जपावं लागे.

ग्रिफिन यांचं मध्य भारतातल्या वास्तूंवरचं पुस्तक १८८६ साली निघालं. त्यात दीनदयाळांचे ८९ फोटो ऑटोटाइप पद्धतीने छापले होते. या पद्धतीत चांदीऐवजी कार्बनचं रंगद्रव्य असतं, त्यामुळे चित्र उडत नाही. म्हणजे प्रिंट किती वर्षं टिकणार हा प्रश्न तेव्हाही होताच.

याच काळात त्यांनी सरकारी नोकरी सोडली. माझं हे थर्ड इयर, प्लेसमेंट तोंडावर आलेली आणि घरून रोज एकच सूर, की छंदाने पोट भरत नाही. त्यामुळे हे वाचताना मी जरा थबकलेच. पण त्यांनी डोळे झाकून उडी मारली नव्हती. आधी दहा-बारा वर्षं नोकरी सांभाळून काम जमवलं, आणि ते कामच त्यांच्यासाठी बोललं. व्हाइसरॉयचे फोटोग्राफर म्हणून नेमणूक झाली, हैदराबादच्या सहाव्या निजामाने दरबारी फोटोग्राफर केलं, १८९४ मध्ये 'राजा' किताब मिळाला. सिकंदराबादचा स्टुडिओ नावारूपाला आला. १८९२ मध्ये हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला, तो एक बाई चालवायची. १८९६ मध्ये मुंबईतही स्टुडिओ सुरू झाला. १९०५ साली ते गेले.

१९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २८५७ काचेच्या निगेटिव्ह घेतल्या, आणि २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं.

मला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटते ती त्यांची चिकाटी. पोर्टफोलिओ म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या हातात देणं. स्क्रीनवर सगळंच चकचकीत दिसतं, कागद मात्र खरं बोलतो. सावलीतले बारकावे गेले का, पांढरा भाग कोरा पडला का, सगळं तिथे उघडं पडतं. तेव्हा दोन हजारांतले दहाच निवडा, पण नीट छापून घ्या. बघा, नोकरी कुठलीही लागो, ते दहा कागद तुमचेच राहतील!