चापिंगो ते नागपूर

परदेशात जाऊन स्थायिक होणाऱ्या मराठी माणसांच्या कथा आज घराघरांत सापडतात. कोणत्या देशात जायचे, कोणत्या शहरात घर करायचे, मुलांना कोणत्या भाषेत वाढवायचे, या प्रश्नांवर कुटुंबे वर्षानुवर्षे विचार करतात. वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांना मात्र आयुष्याच्या पूर्वार्धात असा विचार करण्याची उसंत कधी मिळाली नाही. राहण्याचे ठिकाण त्यांच्यासाठी क्रांतिकार्याने ठरवले आणि ब्रिटिश साम्राज्याच्या पहाऱ्याने बदलायला लावले.

१८८०च्या दशकात जन्मलेल्या खानखोजे यांचे बालपण आणि शिक्षण वर्धा-नागपूर परिसरात झाले. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने भारलेल्या त्या पिढीत सशस्त्र लढ्याची ओढ होती. लष्करी शिक्षण मिळवण्याच्या हेतूने त्यांनी १९०६च्या सुमारास देश सोडला. जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. मिळेल ते काम करीत त्यांनी ऑरिगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत कृषिशास्त्राचा अभ्यास केला आणि कॅलिफोर्नियातील एका लष्करी अकादमीत युद्धविद्येचे धडेही घेतले. १९१३ साली लाला हरदयाळ आणि सोहनसिंग भाकना यांच्यासह गदर पक्षाची उभारणी झाली, तेव्हा पक्षाच्या लष्करी अंगाची जबाबदारी खानखोजे यांच्याकडे होती. याच काळात शेतात राबणाऱ्या मेक्सिकन मजुरांमुळे १९१०च्या मेक्सिकन क्रांतीशी त्यांचा परिचय झाला.

पहिले महायुद्ध सुरू होताच ते तुर्कस्तानमार्गे इराणमध्ये गेले. तेथे ब्रिटिश फौजांशी लढले, पकडले गेले आणि निसटलेही. युद्धानंतर गुप्तपणे मायदेशी येऊन त्यांनी टिळकांची भेट घेतली; परंतु भारतात राहणे म्हणजे तुरुंग किंवा फाशी हे उघड होते. पुढे बर्लिन आणि मॉस्को. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त आदींबरोबर ते रशियात गेले. देशामागून देश बदलत होते, घर मात्र कुठेच होत नव्हते.

चाळिशीच्या आसपास पोहोचलेल्या या निर्वासितापुढे तेव्हा फार पर्याय नव्हते. ब्रिटिश साम्राज्याचा विस्तीर्ण प्रदेश त्यांना बंद होता. अमेरिकेने १९१७च्या कायद्याने बहुतेक आशियाई स्थलांतरितांना दार लावून घेतले होते. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत गदर कार्यकर्त्यांवर खटला चालला होता आणि १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या प्रकरणात भारतीयांचा नागरिकत्वाचा हक्कच नाकारला. जर्मनी चलनवाढीत होरपळत होती. अशा वेळी मेक्सिकोचे दार उघडे होते. अध्यक्ष ओब्रेगोन यांच्या सरकारला ब्रिटनने मान्यता दिलेली नव्हती. त्यामुळे ब्रिटिशांच्या शब्दाला तेथे वजन नव्हते. क्रांतीनंतर जमिनीचे वाटप सुरू झाले होते आणि जमीन मिळालेल्या शेतकऱ्याला शेतीचे नवे ज्ञान हवे होते. खानखोजे यांच्या गाठीशी नेमके तेच होते.

१९२४ साली ते मेक्सिकोत आले. त्यांच्या आधी मानवेंद्रनाथ रॉय यांनीही तेथे आश्रय घेतला होता. पण १९१९ साली तेथील कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत पुढाकार घेऊन रॉय युरोपकडे निघून गेले. खानखोजे राहिले. मेक्सिको शहराजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याच्या आणि गव्हाच्या सुधारित वाणांवर त्यांनी प्रयोग केले. मका हे मेक्सिकोचे नुसते पीक नव्हे, तो त्या देशाचा प्राण. विदर्भात ज्वारीला जे स्थान, तेच तेथे मक्याला. विद्यालयाची पायरी चढू न शकणाऱ्या गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषी शाळांची चळवळ उभारली. छायाचित्रकार टिना मोडोटी यांनी त्यांची आणि त्यांच्या मक्याची छायाचित्रे टिपली. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी तर शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरील भव्य चित्रात, भाकरी वाटून घेणाऱ्यांच्या पंक्तीत, त्यांना मुख्य स्थानी बसवले.

१९३६ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी जीन सिंडिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. थोरलीचे नाव सावित्री ठेवले. वडील वऱ्हाड-नागपूरकडचे, आई बेल्जियमची, आणि मुलींची जन्मभूमी मेक्सिको. तीन देशांचे धागे एका घरात गुंफले गेले. पायाला चक्र लागलेल्या क्रांतिकारकाचे अखेर एक घर झाले.

१९४७ साली भारत स्वतंत्र झाला आणि मिटलेला प्रश्न पुन्हा उभा राहिला. ज्या देशासाठी चार दशके वनवास पत्करला, तो आता मुक्त होता. पण परतीची वाट सोपी नव्हती. ब्रिटिशांनी काळ्या यादीत घातलेले नाव स्वतंत्र भारताच्या दप्तरातही तसेच राहिले होते आणि सुरुवातीला त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. पुढे तो निर्णय फिरला. १९४९ साली तत्कालीन मध्य प्रदेश सरकारच्या कृषिविषयक कामाच्या निमित्ताने ते भारतात आले. त्या राज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती. ज्या शहरात शिकले, त्याच शहरात ते पाहुणा तज्ज्ञ म्हणून वावरले आणि पुन्हा मेक्सिकोला गेले.

तरुणपणी देश सोडताना मागे फक्त आईवडील होते. आता सोबत पत्नी आणि वाढत्या वयाच्या मुली होत्या. मेक्सिकोत त्यांना नाव होते, शिष्य होते, मित्र होते. मुलींची भाषा आणि सवंगडी तेथलेच होते. नागपुरात यातले काहीच नव्हते. वडिलांच्या दृष्टीने जी घरवापसी होती, ती पत्नी आणि मुलींच्या दृष्टीने परमुलखातील नवी वस्ती होती. स्थलांतराचा हा पेच आजच्या कुटुंबांनाही चुकलेला नाही. एकाची मायभूमी ही दुसऱ्याची परभूमी असते.

१९५५च्या सुमारास खानखोजे यांनी नागपूरची निवड केली आणि कुटुंबासह ते येथे स्थायिक झाले. त्यांच्या वाट्याला आलेले नागपूरही स्थिर नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि शहराचे राजधानीपण संपले. सत्तरी गाठलेल्या वृद्धाला नव्याने ओळख मिळवून देण्याइतकी स्मरणशक्ती सार्वजनिक जीवनाला नव्हती. दूर मेक्सिकोत भिंतीवर चित्र असलेला हा माणूस नागपूरच्या रस्त्यांवर बहुतेकांना अनोळखीच राहिला.

१९६६ साली टंचाईने ग्रासलेल्या भारताने मेक्सिकोहून सुमारे १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले आणि हरितक्रांतीला वेग आला. ज्या देशाच्या शेतीला खानखोजे यांनी उमेदीची वर्षे दिली, त्याच देशाचे बी त्यांच्या मायभूमीत रुजत असताना, जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले.

वीणा गवाणकर यांच्या चरित्राने मराठी वाचकांना हा विस्मृतीत गेलेला माणूस पुन्हा भेटवला. २००८ साली कन्या सावित्री सहानी यांनी इंग्रजीत वडिलांची चरितकहाणी लिहिली. वडिलांच्या हट्टापायी परक्या देशात आलेल्या मुलीनेच त्यांची आठवण त्या देशाच्या हाती दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. आयुष्याचा शेवट त्यांनी नागपूरच्या मातीत केला. त्यांचा पुतळा मात्र मक्याच्या देशात उभा राहिला.