परीक्षा देऊन आत गेलेली : डॉ. रूथ जॅक्सन

निखळलेला सांधा बसवायचा, मोडलेले हाड ओढून जुळवायचे, म्हणजे मनगटात जोर हवा, असे आमच्या गावात म्हणतात. हाडवैद्य म्हटला की तो पुरुषच, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. अमेरिकेतही समज असाच होता. तो ज्यांनी खोटा ठरविला त्या डॉ. रूथ जॅक्सन यांची ओळख माझ्या मित्रमैत्रिणींना करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

रूथ यांचा जन्म १९०२ साली आयोवा राज्यातील जेफर्सन या गावी झाला. पुढे कुटुंब टेक्सासमधील डॅलस शहरी आले. बेलर वैद्यकीय महाविद्यालयातून १९२८ साली त्या डॉक्टर झाल्या. शल्यविद्या शिकू इच्छिणाऱ्या स्त्रीला त्या काळी रुग्णालयात जागा मिळणे कठीण. परंतु आयोवा विद्यापीठात डॉ. आर्थर स्टाइंडलर या नामवंत अस्थिशल्यविशारदांच्या हाताखाली त्यांना शिकावयास मिळाले आणि आयुष्याची दिशा ठरली. १९३२ साली, ऐन मंदीत, त्यांनी डॅलसमध्ये स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांची ॲकॅडमी स्थापन झाली. या क्षेत्रातील पुरुष डॉक्टरांना परीक्षेवाचून सभासद करून घेतले गेले. रूथ यांना मात्र वगळले. तेव्हा त्यांनी नव्याने सुरू झालेली अस्थिशल्य मंडळाची परीक्षा दिली. १९३७ साली ते प्रमाणपत्र मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या आणि ॲकॅडमीच्या पहिल्या स्त्री सभासदही झाल्या.

पुरुषाची लायकी धरून चालायची, स्त्रीने मात्र ती सिद्ध करायची, हे वाचून मी विचारात पडले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. नातेवाईक भावाला विचारतात, पुढे काय शिकणार? मला विचारतात, मार्क किती पडले?

मोटार अपघातात स्वतःच्याच मानेला इजा झाल्यावर रूथ यांनी मानेच्या दुखण्यांचा कसून अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. मानेखाली घ्यावयाची गोल उशीही त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९८३ साली स्त्री अस्थिशल्यविशारदांनी आपली संघटना काढली, तिला नाव दिले रूथ जॅक्सन यांचेच. १९९४ साली त्यांचे निधन झाले.

ॲकॅडमीच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, डॉ. क्रिस्टी वेबर, आली ती २०१९ साली; म्हणजे स्थापनेनंतर तब्बल ८६ वर्षांनी! आज अमेरिकेत वैद्यकीचे निम्म्याहून अधिक विद्यार्थी मुली आहेत. पण दहा अस्थिशल्यविशारदांत सरासरी एकही स्त्री भरत नाही. एकीने परीक्षा दिली म्हणजे सर्वांची वाट मोकळी होते असे नाही. मुलीला जवळ उभे करून हातात हत्यार देणारे स्टाइंडलरांसारखे गुरुजनही लागतात. माझ्या भगिनींनी परीक्षेला भिऊ नये, आणि गुरुजनांनी त्यांच्या मनगटाविषयी शंका घेऊ नये, एवढेच या चरित्रातून मला सांगावेसे वाटते.